विषय आधी झालाय

"ही आमच्या संस्थळाची गाळणी," काकांनी माझी ओळख करून दिली. "याच्यामुळे घाण वर येत नाही."

मुलुंडला त्यांच्या घरी सदस्यांचा कट्टा होता. संस्थळ काकांचंच, मराठीत गप्पा मारायचं; सगळे सदस्य त्यांना काकाच म्हणतात. हातात बशी घेतलेला एक सदस्य म्हणाला, "म्हणजे घराण्याचाच व्यवसाय की."

सगळे हसले. माझे वडील महापालिकेत गटारं उपसायचे. मीच ते एकदा लिहिलं होतं. मीही हसलो. हातात बटाटावडा धरून हसलो.

माझं काम सांगतो. कोणी नवा धागा, म्हणजे चर्चेचा नवा विषय, काढला की तो थेट दिसत नाही, आधी माझ्याकडे येतो. जाहिरात, शिवीगाळ, तेच तेच असेल तर अडवायचं. बाकी सोडायचं. घाटकोपरच्या माझ्या खोलीत, ऑफिसातून आल्यावर, वर्षानुवर्षं हेच. पगार नाही. मान आहे असं वाटायचं. काका बाकी सगळ्यांना अहोजाहो करतात, मला अरेतुरे. तीही मी जवळीक समजलो.

दर्जा राखायचा, हा काकांचा शब्द. दर गणपतीत उकडीच्या मोदकांवर नवे धागे निघतात. तीच पिठी, त्याच फाटणाऱ्या पाऱ्या. ते कधी तेच तेच ठरले नाहीत. पण ऑफिसात माझा डबा बाजूला ठेवतात, वर्गात आडनाव ऐकून हसले, असं कोणी लिहिलं की काकांचा निरोप यायचा. विषय आधी झालाय, जुन्यात टाक.

जुना म्हणजे 'सामाजिक' नावाचा एक कुलूपबंद धागा. पहिल्या पानावर दिसत नाही. तिथे कोणाला उत्तर देता येत नाही. मी टाकत गेलो. लिहिणाऱ्याला ठरलेली ओळ पाठवायची: आपला विषय योग्य जागी हलवला आहे. एकाने विचारलं होतं, दादा, तिथे वाचतं कोण? मी तीच ओळ पुन्हा पाठवली.

त्या धाग्यातलं पहिलं लिखाण माझं आहे. वडिलांवरचं. एक दिवस वर राहिलं, मग तिथे गेलं. काका तेव्हा फोनवर म्हणाले, छान लिहितोस रे, पण कडवट आहे. त्यापेक्षा मला कामात मदत कर. मी खूश झालो. सांगायला लाज वाटते. पण झालो.

कट्ट्याच्या दुसऱ्या दिवशी मालाडच्या एका नर्स मुलीचा धागा आला. भाड्याने खोली बघायला गेली होती. घरमालकीणबाईंनी चहा दिला. पिऊन झाल्यावर आडनाव विचारलं. मग म्हणाल्या, कळवते. मुलगी छत्री विसरली म्हणून जिन्यातून परत वर गेली. दार उघडंच होतं. बाई तिचा कप कचऱ्याच्या डब्यात टाकत होत्या. शेवटी मुलीने एवढंच विचारलं होतं: चांगला, न फुटलेला कप होता. तुमच्यापैकी कोणी असं कधी केलंय का?

निरोप आला. जुन्यात टाक.

मी 'मंजूर' दाबलं. लगेच फोन.

"अरे, हा विषय झालाय ना?"

"नाही झाला, काका. मी होऊ दिला नाही."

"कालचं लागलं का तुला? गंमत होती रे."

"लागलं."

फोन मीच ठेवला.

काका माझे अधिकार काढून घेतील. आज नाहीतर उद्या. तोवर कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे. जुन्यातलं एकेक लिखाण बाहेर काढतोय, ज्याच्या त्याच्या नावाने, वेगळा धागा करून. प्रत्येकाला कळवतोय: तुमचं लिहिलेलं मी दाबलं होतं. माफ करा असं लिहीत नाही. ते ओझं त्यांच्यावर कशाला? डोळे चुरचुरतात. दमलोय. वडिलांवरचं माझं सगळ्यात शेवटी काढणार.

मुलीच्या धाग्यावर पहिलं उत्तर मी लिहिलं. कप नाही टाकला. तुझ्यासारख्यांचं लिहिलेलं टाकलं.

खाली नाव घातलं, पहिल्यांदाच आडनावासकट. आता हेही कोणाला जुन्यात टाकायचं असेल तर त्याने स्वतःच्या हाताने टाकावं. माझा हात मिळणार नाही.