फणसाच्या गिटारीचा काठ

फिलूचा फोन आला तेव्हा मी शाळेत चित्रवह्या तपासत होतो. "मास्तर, पप्पा गेले," एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "कालच माका सांगान ठेवल्यानी... मास्तराक म्हण, आयतवार चुकवू नको." मी हातातली वही मिटली. इनास मेस्त्री मेल्यावरही माझा रविवार सोडणार नाहीत, हे तिथेच कळलं. त्याला आता पाच आठवडे झाले. हा लेख त्यांच्या आठवणीचा आहे, आणि मी त्यांच्यावर उगवलेल्या सुडाचाही. तो सूड मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही.

मेस्त्री मालवणजवळच्या आमच्या गावात हाताने गिटार बनवायचे. गोव्याहून वाजवणारे त्यांच्याकडे यायचे. मी चित्रकलेचा शिक्षक, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. गिटारीच्या कडेने जी बारीक लाकडी पट्टी बसवतात, तिला ते काठ म्हणायचे, साडीला असतो तसा. कुठल्या लाकडाला कुठला काठ, हे ठरवताना ते मला बोलवायचे. बोट पाण्यात बुडवून फळीवर ओढायचे आणि म्हणायचे, "सुक्या लाकडाचा रंग खरो मानू नको मास्तरा. भिजव, मगे बघ." पॉलिश केल्यावर रंग कसा उघडेल ते त्या ओल्या रेघेत दिसायचं. मग आम्ही दोघं पट्ट्या लावून बघायचो, काळी, तांबूस, फिकट... तास तास जायचा. त्या तासांइतका सुखी मी दुसरीकडे कुठे झालो नाही, हे आधी सांगून ठेवतो.

एकदा गोव्याच्या एका गिऱ्हाइकाच्या गिटारीसाठी, मधल्या भोकाभोवतीच्या कडीची नक्षी मी स्वतःहून काढली. वेली, कोयऱ्या, मोर. पंधरा दिवस खपलो. मेस्त्रींनी तो कागद पाच-सहा माणसांसमोर उलगडला आणि म्हणाले, "मास्तर, ही गिटार आसा, लग्नाची पत्रिका न्हय!" सगळे पोट धरून हसले. मेस्त्रींनी माझ्या कागदावर सरसाचा डबा ठेवला आणि कामाला लागले. त्या दिवसापासून मी गावात 'पत्रिका मास्तर' झालो. बाजारात मासेवाली ओरडायची, "पत्रिका मास्तरांनू, बांगडे ताजे आसत, येतास काय आमंत्रण धाडू?" मीही हसायचो. मेस्त्री ते कधीच विसरून गेले होते. मी दोन वर्षं एकही दिवस विसरलो नाही.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशन ते पुढे ढकलत राहिले, कारण फिलूसाठी गिटार करायला घेतली होती. फिलू त्यांची एकुलती मुलगी, चर्चमध्ये गायची, त्या वर्षी चर्चच्या वार्षिक सणाला, फेस्ताला, पहिल्यांदा वाजवणार होती. परसातला फणस पडला होता, त्याच्याच फळ्या. काठासाठी त्यांनी काळ्या शिसवीची पट्टी कित्येक वर्षं जपून ठेवली होती. हळदीसारख्या पिवळ्या फणसाला ती काळी रेघ किती खुलली असती, हे मला पाहताक्षणी दिसलं. मेस्त्री म्हणाले, "माका सगळाच पिवळा दिसता रे. तू सांग."

मी सांगितलं. "शिसव फार भडक दिसतेय, मेस्त्री. ही शिवणीची लावा." शिवणीचं लाकूड फिकट, पिवळसर पांढरं. पिवळ्यावर पिवळसर, म्हणजे काठ असून नसल्यासारखा. त्यांनी ती पट्टी हातात घेतली, अंगठ्याने चाचपली, नाकाशी नेली. "तू म्हणतंस तर लावतंय." त्यांनी ती भिजवून तापल्या नळीवर वाकवली, आणि मी समोर बसून बघत राहिलो.

फेस्ताला ती गिटार अर्धवट सोडल्यासारखी दिसत होती. "मेस्त्री काठ लावूक विसारलो की काय?" कुणीतरी म्हटलं. फिलू ताडकन उठली. "पप्पांच्या डोळ्यांका दिसना नाय, त्यांका काय बोलाचा नाय!" ती गाताना रडत होती. मला त्यानंतर चार दिवस छान झोप लागली. हे लिहिताना लाज वाटते, पण लागली. पाचव्या दिवसापासून उडाली, कारण मेस्त्रींचे डोळे गेले ही बातमी गोव्यापर्यंत पोचली. ऑपरेशन झालं, डोळे परत आले. गिऱ्हाईक परत आलं नाही.

ऑपरेशननंतर त्यांनी ती गिटार खिडकीशी नेऊन पुष्कळ वेळ पाहिली. मग वेताच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर टांगली आणि मला म्हणाले, "आता दर आयतवारी ये मास्तरा. हय बस." आठ वर्षं मी दर रविवारी त्या खुर्चीत बसलो. फिलू चहा द्यायची, कधी गिटार काढून वाजवायची. आणि फणस रंग बदलत गेला. आधी मधासारखा, मग चहासारखा, मग तांब्यासारखा. आमच्या घरातला जेवायचा पाट फणसाचा, गुळासारखा काळपट झालेला. त्यावर बसून मी वाढलो, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं! शिवण मात्र फिकटच राहिली. दर वर्षी तो काठ थोडा अधिक उठून येत गेला. मेस्त्रींनी केलेल्या सगळ्या गिटारींत आज तीच देखणी आहे.

शेवटच्या भेटीत ते त्याच खोलीत पलंगावर होते. फिलू बाहेर गेलेली. मेस्त्री भिंतीकडे बघत म्हणाले, "तुका काय वाटला, शिवण माज्या हाताक कळाक नाय?"

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी करू लागलो.

"तू सूड घेतलंस, ता माका तेवाच कळला. पण म्हटलंय, धा वर्सांनी ह्योच काठ शोभतलो. शिसव काळ्यात काळी जातली. लोकांच्या जिभेचा तेवडा माका कळाक नाय..." त्यांना धाप लागली. मग हसले, अगदी त्या सरसाच्या डब्याच्या दिवशी हसले होते तसे. "मगे मियां पण घेतलंय सूड. आठ वर्सां तुका तिच्यासमोर बसयलंय. फिलूक मी सांगूक नाय. ता तुजा काम."

गेले पाच रविवार मी गेलो. फिलू अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, पप्पांना तेव्हा दिसत नव्हतं, काठ चुकून लागला, देवाने तो शोभवला. मी मान डोलावतो. तोंड उघडतो, चहा पितो आणि परत येतो. समोर बसून मला ते जमणार नाही.

म्हणून हे लिहून रविवारच्या पुरवणीकडे पाठवतोय. फिलूकडे पेपर सकाळी आठला पडतो. मी दहाला पोचतो. दार उघडं असलं तर त्याच खुर्चीत बसेन, ती जे बोलेल ते ऐकेन. बंद असलं तर व्हरांड्याच्या पायरीवर बसेन. तिथल्या खिडकीतूनही तो काठ आता स्पष्ट दिसतो...