आत्या मोपेड हाकतात

माझ्या बायकोच्या आत्यांइतकं सुरक्षित मोपेड चालवणारं माणूस सोलापुरात दुसरं नाही, आणि मागच्या वाहनांचा त्यांच्याइतका अंत पाहणारंही दुसरं नाही. आत्यांनी सत्तरी ओलांडली आहे. जुळे सोलापुरात मुलाकडे राहतात, पण मूळच्या मोहोळकडच्या. वडिलांची मेंढरं होती आणि आत्यांचं सगळं लहानपण त्या मेंढरांमागे हिंडण्यात गेलं. पुढे शिकून नर्स झाल्या, गावोगाव फिरून बाळंतिणी बघायचं काम लागलं, तेव्हा त्यांनी मोपेड घेतली. नंतर मोपेडी बदलत गेल्या, चालवायची तऱ्हा मात्र तीच राहिली. मुळात आत्या मोपेड चालवत नाहीत, हाकतात.

गाडी बाहेर काढण्याआधी त्या तिच्याभोवती एक फेरी मारतात, दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून बघतात, ब्रेक ओढतात, आरसा पदरानं पुसतात. रानात न्यायच्या आधी जनावराचे खूर बघावेत, हे वडिलांनी शिकवलेलं. मग हेल्मेट. ते एकदा चढलं की घरी परत येईपर्यंत उतरत नाही. मंडईत त्या काच वर करून मेथीचा भाव विचारतात आणि भाव ऐकून काच खाली पाडतात. एवढ्यानं मेथीवाल्या बाईचा धीर खचतो, असं माझी बायको शपथेवर सांगते. एका साखरपुड्यात त्या हेल्मेटसकट ओटी भरायला उभ्या राहिल्या होत्या, अशीही गोष्ट नातेवाइकांत फिरते. आत्या ती नाकारत नाहीत. लगेच निघायचं होतं, एवढंच म्हणतात.

हॉर्नला त्यांचा सक्त विरोध. हॉर्ननं जनावर बुजतं आणि बुजलेलं जनावर कुठंही घुसतं, हा त्यांचा अनुभव आहे, आणि तो आपल्याकडच्या दुचाकीवाल्यांना लागू पडतो हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून पुढे कुणी आडवं आलं की आत्या वेग कमी करतात आणि जिभेनं टक्‌टक्‌ असा आवाज काढतात. हेल्मेटच्या आत काढलेला हा आवाज मागे बसलेल्याखेरीज बाहेर कुणाच्याही कानावर जात नाही, पण आत्यांचं समाधान होतं. वळण्याच्या दिव्यावरही त्यांचा भरवसा नाही. डावीकडे वळायचं असेल तर आधीच्या वळणापासूनच डावा हात बाहेर निघतो आणि तसाच राहतो. आसरा चौकाच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. ही बाई रोज आपल्यालाच हात करते असं त्या टपरीवाल्याला वाटतं, आणि तोही इमानेइतबारे हात करतो. उजवीकडे वळणं आत्यांना पसंत नाही. समोरून येणाऱ्या गर्दीच्या तोंडात कशाला जायचं, असं म्हणून त्या चौक सरळ ओलांडतात आणि पुढे तीनदा डावीकडे वळतात. त्यामुळे त्या कुठंही उशिरा पोचतात, पण धडधाकट पोचतात.

पण त्यांचा खरा नियम वेगळाच. कळप रस्ता ओलांडायला लागला की एकानं वाहनांपुढे आडवं उभं राहायचं आणि शेवटचं कोकरू पलीकडे गेल्याशिवाय जागचं हलायचं नाही, हा मेंढपाळांचा रिवाज. आत्यांनी तो शहरात आणला. शाळा सुटायच्या वेळी त्या शाळेपुढून जात असल्या की मोपेड रस्त्यात आडवी घालतात, डावा हात पसरतात आणि रेंगाळत, एकमेकांच्या खोड्या काढत चाललेलं अगदी शेवटचं पोर पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत ढिम्म हलत नाहीत. एकदा एक रिक्षावाला वैतागून ओरडला, "अम्मा, रोड क्या तुमारे बाप का है?" आत्यांनी काच वर केली आणि शांतपणे म्हणाल्या, "बापाचा न्हाय, लेकरांचा हाय. थांब की जरा." काच खाली पडली. रिक्षावाला थांबला.

आत्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, चिंचोळी एमआयडीसीत कामाला. रोज हायवेनं जातो-येतो, आणि वाटेत दिसणारे अपघात संध्याकाळी घरी आणतो. आईनं आता गाडी सोडावी म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. हवं तिथं मी सोडतो, नाहीतर रिक्षा आहे, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आत्यांचंही नव्हतं. त्यांनी आजवर कुणाला कुठं सोडायला सांगितलं नव्हतं. "जरा सोड की तितं, असं म्हनायची येळ आली की मानसाचं सामान होतं," असं त्या मला म्हणाल्या होत्या. शेवटी दोघांनी मिळून तोडगा काढला, आणि दोघांचा तोडगा निघाला की मध्ये जावई सापडतो. मी एक दिवस आत्यांच्या मागे बसायचं, गावातून फिरून यायचं आणि निकाल द्यायचा. मी नको म्हटलं तर आत्या त्याच दिवशी किल्ली देणार होत्या.

सकाळी निघालो. दोन्ही चाकं दाबून झाल्यावर आत्यांनी माझ्याकडेही त्याच नजरेनं पाहिलं. मागं बसून वळवळ करायची नाही, अशी ताकीद मिळाली. मग हात बाहेर, टपरीवाल्याचा रामराम, तीन डावी वळणं, टक्‌टक्‌. सायकलवाले आमच्या पुढे गेले. माझ्या मनात आत्यांच्या बाजूनं निकाल तयार झाला होता, आणि खरं सांगायचं तर तो मी घरून निघतानाच तयार केला होता.

विजापूर रोडला समोर मेंढरं आली. आत्यांची पाठ एकदम ताठ झाली. मोपेड आडवी, हात पसरलेला, मागे गाड्यांचा गोंगाट. कळप संथपणे गेला, त्यामागून खांद्यावर काठी टाकलेला मेंढपाळ गेला. कुटलं वं तुमी, असं आत्यांनी त्याला विचारलंसुद्धा. मेंढपाळ नेहमी कळपाच्या मागं असतो. तो गेला म्हणजे कळप गेला. आत्यांनी मोपेड सरळ केली आणि मूठ पिळली. त्याच वेळी डावीकडून एक मागे राहिलेलं कोकरू रस्त्यात आलं. मी त्यांचा खांदा धरून थांबा म्हणालो. ब्रेक लागला. कोकरू चाकाला घासून पळालं आणि कळपात मिसळलं. आत्यांनी मोपेड घराकडे वळवली. परत येताना टक्‌टक्‌ ऐकू आली नाही, आणि टपरीवाल्याचा हात तसाच वर राहिला.

मेहुणा फाटकातच उभा होता. मी उतरल्या उतरल्या सांगून टाकलं, की आत्या माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवतात, काळजीचं कारण नाही. आत्यांनी हेल्मेट काढलं.

"जावईबापू खोटं बोलत न्हाईत, पर सगळं बी सांगत न्हाईत," त्या मुलाला म्हणाल्या. "शेवटचं कोकरू मला दिसलं न्हाय."

मेंढपाळ पुढं निघून गेला होता, चूक त्याची होती, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की आडवं जो उभा राहतो त्यानं बघायचं असतं. किल्ली त्यांनी मुलाच्या हातात ठेवली. वर्षभर ती मागणारा माझा मेहुणा तिचं काय करायचं ते न कळून उभा राहिला. मला त्या वेळी फार वाईट वाटलं.

मोपेड अजून जिन्याखाली आहे. मुलानं ती विकली नाही, आणि आत्या रोज सकाळी तिची चाकं दाबून बघतात. दर गुरुवारी मी त्यांना माझ्या गाडीवरून मंडईत नेतो. त्यांनी कधी ने म्हटलं नाही, मीच जाऊन उभा राहतो. हेल्मेट तसंच असतं, आधीच्या वळणापासून डावा हात बाहेर असतो, टपरीवाला आता मलाही ओळखतो. हेल्मेटमधली टक्‌टक्‌ही मला ऐकू येते, अगदी कानामागे. परत येताना शाळेपाशी मुलं दिसली की मी गाडी आडवी लावतो. मी भिडस्त माणूस, मागचे हॉर्न ऐकून कानशिलं तापतात, पण हलत नाही. मागून आत्या विचारतात, "शेवटचं गेलं?" मी दोन्हीकडे नीट बघून घेतो आणि मगच गेलं म्हणतो.