त्रेपन्न संघ आणि भाऊसो

उचगावचा भाऊसो कोल्हापुरातल्या फुटबॉल सामन्यांचं समालोचन करतो. त्याचा आवाज ऐकला की माणसं हातातला चहा टाकून मैदानाकडं पळतात. पण रस्त्यात मी दिसलो, की हा पन्नाशीचा गडी गुपचूप पलीकडच्या बाजूला जायचा. नववीत गणितात मी त्याला दोनदा नापास केलं होतं. तिथंच त्याची शाळा सुटली.

यंदा राष्ट्रीय गणित संस्थेची शालेय स्पर्धा आमच्याकडं होती, लोकांसमोर, स्टेजवर. गेल्या वर्षी बघायला अकरा माणसं आली होती, त्यातला एक मंडपवाला. आयोजक मी. स्पर्धेचं समालोचन कर म्हणायला नाक मुठीत धरून भाऊसोच्या दारात गेलो.

"येतो सर, पण मला गणित इचारायचं न्हाय," तो खाली बघत म्हणाला. "चारचौघांत परत शोभा नको."

मला फार लागलं ते. पण कबूल केलं.

रविवारी हॉल खच्चून भरला. "शिवानीनं फळा पुसला! आदर्शनं खडू मोडला!" भाऊसो ओरडत होता आणि लोक शिट्ट्या मारत होते. मग माझा प्रश्न आला, पंधरा दिवस खपून काढलेला. त्रेपन्न संघ, हरला तो बाद. विजेता ठरायला सामने किती? मुलं निम्मे-निम्मे करत फळे भरू लागली.

"बावन्न! सोपं हाय की!" माइक गरजला.

परीक्षकांनी प्रश्नच रद्द केला. मी तणतणत स्टेजवर चढलो. "लेका, उत्तर कशाला फोडलंस?"

"कसलं उत्तर? जिंकणारा सोडून बावन्न घरी जाणार. एका मॅचला एकच जातोय. मग बावन्नच मॅच की! दर हंगामाला आमी अशाच मोजतोय." एकदम तो थांबला. माइक चालूच होता. "सर, ह्ये गणित व्हतं व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. "आणि तुला नापास करणारा मी गाढव!"

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. भाऊसो डोळे पुसत हसत होता, आणि मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तो नाक्यावर पलीकडं दिसला. मला बघितलं आणि गाड्यांना हात करत रस्ता ओलांडून थेट माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"सर, आनि एक गणित घाला की!"