वेशीवरचा सत्कार

चूक तात्यांची. तात्या म्हणजे आमचे थोरले चुलते, विंझरमधल्या प्रत्येक सत्काराचे कायमचे अध्यक्ष. गाव म्हणतं, माझ्या बहिणीचं, वैशूताईचं नशीब खोटं. नशीब गेलं खड्ड्यात! चूक तात्यांची, आणि त्यांच्या मागं माना हलवत उभ्या राहिलेल्या समस्त वडीलधाऱ्यांची.

सायकल रेस हाच ताईचा धंदा. एक सीझन रस्त्यावरचा, एक चिखलातला, त्याला सायक्लोक्रॉस म्हणतात. अशा माणसाच्या घरात किस्से चेनवरच्या काळ्या वंगणासारखे साठतात. कितीही पुसा, हाताला लागतातच.

* * *

मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं आणि ताईच्या सरावासाठी तिच्या पुढं मोटरसायकल चालवायला लागलो. पानशेतच्या रस्त्याला मी पुढं, वारा कापत. ती सायकलवर, माझ्या मागच्या चाकाला चिकटून. बोलणं शून्य. कितीतरी वर्षं बहिणीचं तोंड मी गाडीच्या आरशातच बघितलं.

एका रविवारी पुण्याच्या एका कारवाल्यानं काच खाली केली. मला म्हणाला, "अहो, बिचारीला गाडीवर तरी घ्या! कधीपासून तुमच्या मागं पळतीय!"

आरशात बघितलं, तर ताई हसत होती. असं क्वचितच व्हायचं.

* * *

सायक्लोक्रॉसमध्ये अडथळा आला की उतरायचं, सायकल खांद्यावर मारायची आणि पळत सुटायचं. त्याची प्रॅक्टिस आमच्या भातखाचरात. बांध आला की उडी, सायकल खांद्यावर, आणि चिखलातनं धूम!

भोरचे रफिकभाई टेम्पो घेऊन तिथनंच जायचे. एक दिवस थांबले.

"वैशू, पंक्चर झाली व्हय? टाक मागं, घरी सोडतो."

"न्हाई भाई, मुद्दाम उचललीय."

भाई टेम्पोतनं खाली उतरले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरात भांडण झालंय का?"

* * *

मग एका परदेशी टीमनं तिला एका सीझनसाठी घेतलं. बेल्जियममधून, रेस संपल्या संपल्या, तिचा व्हिडिओ कॉल आला. केसापासून बुटापर्यंत नुसता चिखल. आईनं मोबाईल डोळ्याजवळ नेला.

"आगं, भाताची चिखलणीच करायची हुती तर इतक्या लांब कशाला गेलीस? हितं माणूस मिळंना!"

ताई लई हसली. मग म्हणाली, "आई, कितीक दिस झालं, मराठीत कुणी बोललंच न्हाई माझ्याशी. बोल की अजून."

"थांब, तात्या आल्यात. च्या टाकते."

फोन बंद.

* * *

ताई परत आली ती पहाटेच्या एसटीनं, गुपचूप. तात्यांनी ठरवलेला तिचा सत्कार हुकला. तो राग मनात ठेवूनच त्यांनी स्थळ आणलं.

मुलाचे वडील म्हणाले, "सायकल चालवते म्हणजे स्कूटी येत न्हाई का?"

तात्या घाईघाईनं म्हणाले, "लग्नानंतर शिकंल की!"

मी म्हणालो, "तात्या, तुमाला तरी येती का?"

"कॉलेज सोडून पळालेल्यानं मधी बोलू नये!"

ताईनं पोह्यांची बशी खाली ठेवली, सायकल काढली आणि गेली. अंधार पडेपर्यंत आली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला 'चल' म्हणाली नव्हती.

* * *

आता वेशीवरचा किस्सा. टीमचा निरोप साफ होता: देशातली सगळ्यात मोठी रोड रेस जिंकलीस तर पुढचा करार, नाहीतर विषय संपला. आणि रेस नेमकी आमच्याच रस्त्यानं. भोरहून विंझरमार्गे वेल्ह्याला.

आमच्याकडं रीत आहे. नाव कमावून आलेल्या माणसाला ओवाळल्याशिवाय वेस ओलांडू देत नाहीत. मी वेशीच्या पुढं, चढावर, पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. वेशीत काय झालं ते तात्यांनी एका पोराकडनं आपल्या मोबाईलवर काढून घेतलंय. पाहुणे आले की अजून अभिमानानं दाखवतात.

ताई एकटी, सगळ्यांच्या बरीच पुढं. रस्ता माणसांनी भरलेला. हलगी वाजतीय. मधोमध तात्या, हातात शाल. शेजारी आई, हातात ओवाळणीचं ताट. ताईनं ब्रेक मारला. आईच्या अंगावर सायकल घालणार होती का?

"तात्या, सोडा! रेस चाललीय!"

"व्हय गं! आधी ओवाळून घे. रेस कुठं पळून जातीय?"

कुंकू लागलं. शाल आली. नारळ आला. तेवढ्यात मागून बाकीच्या पोरी आल्या. तात्यांनी दोन्ही हात पसरून गर्दी मागं रेटली आणि ओरडले, "सरका, सरका! पाव्हण्यांना वाट द्या!"

वाट दिली. सगळ्या निघून गेल्या.

ताई चढावर माझ्यापाशी आली. कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलेलं. मी बाटली पुढं केली. तिनं घेतली नाही. जर्सीच्या मागच्या खिशातनं नारळ काढून माझ्या हातात दिला आणि पुढं गेली.

रेस हातची गेली, करार झाला नाही. ताईनं लांबच्या राज्यात नोकरी धरली. घरी येत नाही. कॉलेज मी आधीच सोडलं होतं. आता गाडीच्या आरशात कुणी नसतं.