भिंतीवर राहिलेली शेपूट

१४ फेब्रुवारी २०२४ रोजी कुंडलच्या शिवतेजने सांगलीतल्या एका कलादालनात तीन दिवसांचे भाडे म्हणून जीएसटीसह २,३६० रुपये भरले. आजवर ज्याने लोकांच्या भिंती न विचारता रंगवल्या, तो भिंतीसाठी पहिल्यांदाच पैसे मोजत होता.

कुपवाडच्या कारखान्यात तो लेथवर असे. सुटी झाली की हातात स्प्रेचा डबा. पलूसपर्यंतच्या भिंतींवर त्याची जनावरे उभी होती आणि भिंतींचे मालक त्याच्या दारात. शेवटी फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांनी, लालासाहेबांनी हुकूम सोडला, "एक चित्र इकून दाव. इकलं तर कारखाना सोड. न्हाई तर डबं भंगारात."

शिवतेजने कॅनव्हास आणला. पण टेबलावर ठेवून रंगवायला हात वळेना. त्याला भिंतीसमोर उभे राहून खांद्यापासून हात फिरवायची सवय. मग त्याने कोरा कॅनव्हास थेट दालनाच्या भिंतीवर टांगला आणि म्हैस काढायला घेतली. एकदा रंगात आल्यावर कॅनव्हास कुठे संपतो ते बघतो कोण? व्यवस्थापक जयराज जेवून परत येईपर्यंत शिंगे डावीकडे भिंतीवर गेली होती आणि शेपूट उजवीकडे.

हळदीचे व्यापारी मदनशेठ त्या म्हशीवर भाळले. भाव ठरला. कॅनव्हास उतरवला, तर हातात नुसते धड.

"शिंगं कुठायत रं?"

"भिंतीवर, शेठ."

"आन् शेपूट?"

"ती बी."

"असली म्हैस फुकट तरी कोण न्हेईल?"

चित्र खरंच विकतंय का ते बघायला आलेल्या लालासाहेबांना राहवेना. "आवं शेठ, दूध देणारा भाग सगळा आलाय की!"

शेठ हसले, पण दाराकडे वळले. शिवतेजला समोर लेथ दिसू लागले. तो मागे धावला.

"शेठ, घरी मोकळी भिंत हाय?"

"हाय की. सोफ्यामागं."

"मग राहिलेली म्हैस तितं काढून देतो."

रविवारी शेठच्या पत्नी सुंदरीबाईंनी सोफ्यावर जुन्या चादरी घातल्या आणि बजावले, "शिंगं घड्याळाला लागू देऊ नका. आन् खाली तुमचं नाव घालायचं न्हाई. घर आमचं हाय."

शिंगे घड्याळाखालून वळवली. शेठनी ठरलेले पैसे जागेवर दिले.

"पुरती इकली?" लालासाहेबांनी विचारले.

"शेपटीसकट."

"मग ठेव डबं."

सोमवारी शिवतेजने कारखान्यात राजीनामा दिला. दालनाची भिंत पुन्हा पांढरी करायला १,२०० रुपये लागले. त्यातले ८५० त्याने दिले. जयराजला उरलेले ३५० रुपये अजून द्यायचे आहेत.