कुवेतला ऐकू जाणारं स्वयंपाकघर

आमच्या साडूंइतका न हसणारा माणूस अख्ख्या महाड-पोलादपुरात नसेल, आणि घरोघरच्या लोकांना हसवायचं कंत्राट मात्र त्यांनीच घेतलं होतं. नव्वदच्या दशकात ते मुंबईत टीव्हीच्या विनोदी मालिका लिहीत. लिहीत म्हणजे बोलत. हातात टेपरेकॉर्डर धरून सासू, सून, घरमालक असे सगळे आवाज स्वतःच काढत आणि मग सावकाश कागदावर उतरवत. एकदा आंबेनळी घाटातल्या एसटीत त्यांनी सासू-सुनेचं भांडण असं रंगवलं, की कंडक्टर मागे येऊन विचारू लागला, "बायका कुठं हायत?"

ही सवय त्यांना महाडातच लागली. आमच्या आळीतून आखातात गेलेल्या मुलांना घरचे पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत, पण टेप फिरू लागला की बोलणाऱ्याला रडूच फुटे. शेजारच्या चाचींचा सलीम कुवेतला होता. चाची रडू नयेत म्हणून साडू समोर बसून नकला करत, आणि कॅसेट हसत हसत कुवेतला जाई.

पुढे मालिका बंद पडली. साडू महाडला परतले. बिरवाडीच्या कारखान्यात नोकरी मिळत होती, पण त्यांनी संगणक घेतला आणि पॉडकास्ट नावाचा, नेटवरून कुणीही कुठेही ऐकावा असा कार्यक्रम सुरू केला. "वर्षभर बघतो. कुणी ऐकलं नाही, तर लिहिणं सोडलं आणि बिरवाडी धरली," ते मला म्हणाले. समोर चाची असल्याशिवाय विनोद सुचत नसल्यामुळे कार्यक्रम चाचींच्याच स्वयंपाकघरात भरे. नंतर कुकरची शिट्टी, बांगड्या, चाचींची मधली बडबड असं सगळं कापून साडू फक्त विनोद ठेवत. ते विनोद मी ऐकत असे, तेही नात्याला जागून.

वर्ष संपत आलं तेव्हा त्यांच्या हातून चुकून न कापलेलाच भाग नेटवर गेला. त्यात ऐन विनोदाच्या टोकाला चाची म्हणत होत्या, "थांब रे जरा, भाताला शिट्टी होऊ दे." साडू दिवसभर कुणाला तोंड दाखवेनात. संध्याकाळी सलीमचा फोन आला.

"दादा, आम्ही खोलीतले सगळे जेवताना ऐकत बसलो. विनोद चांगले हायत. पण अम्मीला एवढे दिवस का कापत होता?"

त्यानंतर साडूंनी काही कापलं नाही. आखातातली पोरं सांगू लागली, दादा, आमच्या घरी पण जा. विनोद मात्र कुणी मागितले नाहीत, तेव्हा ठरल्याप्रमाणे लिहिणं सोडून साडू बिरवाडीच्या नोकरीला लागले, पण दर रविवारी रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन कुणाच्या तरी चुलीपाशी जाऊन बसत. स्वतः बोलणं कमी कमी होत गेलं.

चाची गेल्या तेव्हा सलीमला सुट्टी मिळाली नाही. त्या रविवारी साडूंनी चाचींच्या स्वयंपाकघरात यंत्र सुरू केलं आणि शेवटपर्यंत चकार शब्द काढला नाही. नळ ठिबकतोय, वाऱ्याने खिडकी हलतेय, लांबून नमाजाची अजान येतेय, एवढंच त्यात आहे. सलीम तो भाग अजून लावतो म्हणे. मला विचाराल तर साडूंनी इतकं चांगलं आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही.