रक्तवाल्या काकांचा डावा डोळा

रक्तवाले काका माणसांना नावाने हाक मारत नसत, रक्तगटाने मारत. बुऱ्हाणपूरच्या भर बाजारात मोटारसायकल थांबवून ते कोणालाही विचारायचे, "काय ओ पॉझिटिव्ह, जेवलात का?" मी शाळेत शिकवते, त्यांच्या लेखी मी 'बी निगेटिव्ह मॅडम' होते.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं. खकनार-तुकईथड या गावांकडची एखादी अडलेली बाई दवाखान्यात आली आणि रक्त हवं असलं, की काका रक्त देणाऱ्याच्या दारात हजर. त्याला मोटारसायकलवर न्यायचं, नंतर समोर बसवून केळी खायला लावायची आणि घरी आणून सोडायचं. "नेलं तसं परत सोडायचं. आधा काम नाही करायचं," असं म्हणत.

एका दुपारी दवाखान्यातून मला शाळेत सोडताना डावीकडून आलेली केळ्यांची हातगाडी त्यांना दिसलीच नाही. मी ओरडले म्हणून वाचलो. त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. मग म्हणाले, "मॅडम, सहा महिने झाले, डाव्या डोळ्याने दिसत नाही. कोणाला सांगू नका. घरचे चावी काढून घेतील. मग पेशंटचं काय?"

मी मान डोलावली. पुढे दोनदा त्यांच्या मागे बसून रक्त द्यायलाही गेले.

पावसाळा संपता संपता शाहपूरच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीची एका शेतमजूर बाईला धडक बसली. ती डावीकडूनच रस्ता ओलांडत होती. तिच्या मांडीचं हाड मोडलं. काकांनीच तिला दवाखान्यात पोहोचवलं, पोलिसांना चूक आपली असल्याचं लिहून दिलं आणि त्यानंतर गाडीला हात लावला नाही.

मी भेटायला गेले. "मी तेव्हाच तुमच्या घरी सांगायला हवं होतं," म्हटलं.

"तुम्हाला गप्प मी बसवलं," ते म्हणाले. "ते तुमच्या डोक्यावर कशाला घेता?"

मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

ती बाई दवाखान्यातून घरी आल्यावर काका रोज बसने शाहपूरला जाऊ लागले. तिची औषधं आणायची, पाणी भरायचं, भाजी निवडून द्यायची. एका रविवारी मी त्यांना माझ्या स्कूटीवरून घेऊन गेले. बाई खाटेवर बसली होती. काकांच्या हातातली औषधांची पिशवी तिने घेतली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुमी चांगले मानूस हाय, मले मालूम हाय. पन आता नका येऊ. तुमी आले का मले तो दिवस याद येते."

काकांनी हात जोडले. परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, "तिने माझ्याकडे हे पहिल्यांदाच काही मागितलं."

पुन्हा ते तिकडे गेले नाहीत. माझी एक विद्यार्थिनी तिच्या शेजारी राहायची, म्हणून दर आठवड्याला मला विचारत, "चालते का ती?" शेवटच्या आजारपणात, बोलताना धाप लागत असतानाही त्यांनी तेच विचारलं. ती अजून भिंत धरून कशीबशी सरकत होती.

"चालते, काका," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "खरं सांगा, मॅडम."

या वेळी मी खरं सांगितलं.